घोट्याला किती मोकळीक?

२०१८ च्या फेब्रुवारीत, दक्षिण कोरियातल्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये, चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने १७ तारखेला स्कीइंगच्या सुपर-जी शर्यतीत सुवर्णपदक जिंकलं. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा ती अवघ्या एका शतांश सेकंदाने पुढे होती. आठवड्याभराने, २४ तारखेला, स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लॅलममध्येही सुवर्ण तिचंच. एकाच ऑलिंपिकमध्ये स्की आणि स्नोबोर्ड या दोन्हींत सुवर्ण मिळवण्याचा पराक्रम तिच्याआधी कुणी केला नव्हता. दोन्ही वेळा तिच्या पायांत प्लॅस्टिकचे, बकलांनी आवळलेले बूट होते. दुरून पाहणाऱ्याला ते एकाच जातीचे वाटतील. प्रत्यक्षात त्यांची कामं फार वेगळी आहेत.

स्कीवर दोन्ही पावलं पुढे तोंड करून समांतर असतात आणि शर्यतीचा स्की-बूट बाजूला जवळजवळ झुकतच नाही. बोर्डावर एक पाऊल पुढे, एक मागे आणि दोन्ही एकाच फळीला जखडलेली. गुडघे वाकवून खाली जायचं तर मागच्या पायाची नडगी पुढे आणि थोडी आतल्या बाजूला झुकते, पुढच्या पायाची वेगळ्या दिशेला. बुटाने तेवढी जागा दिली नाही, तर शरीर ती दुसरीकडून काढतं, खुब्यातून किंवा कमरेतून, आणि वळण तिथेच बिघडतं. म्हणून बुटाचा कडकपणा म्हणजे एकच एक गुण नव्हे, असं माझं ठाम मत आहे. तो कोणत्या दिशेला आहे, किती वाकल्यावर सुरू होतो आणि पाऊल आत नीट धरलं गेलं आहे का, हे पाहिल्याशिवाय ‘कडक बूट चांगला की मऊ’ या वादातून काहीच हाती लागत नाही.

हे समजायला आधी कार्व्हिंग म्हणजे काय ते पाहू. नवशिका बोर्ड आडवा करून घसरवतो. बर्फ खरवडला जातो, वेग कमी होतो आणि वळण कसंबसं पार पडतं. कार्व्हिंगमध्ये घसरणं नसतं. बोर्ड दोन्ही टोकांना रुंद आणि कमरेत अरुंद असतो, त्यामुळे त्याची कड हा एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. बोर्ड त्या कडेवर कलता केला आणि वरून भार दिला की तो कमानीसारखा वाकतो आणि स्वतःच्या आकाराच्या वाटेने वळू लागतो. मागे राहते ती फक्त एक अरुंद, स्वच्छ चर.

जितका कल जास्त, तितकं वळण लहान. घट्ट दाबलेल्या बर्फावर याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: कडेच्या वक्राची त्रिज्या गुणिले कलाच्या कोनाची कोसाइन. वक्राची त्रिज्या १४ मीटर असलेला बोर्ड ५५ अंश कलवला, तर वळणाची त्रिज्या सुमारे ८ मीटर होते. आता वेग ताशी ४० किलोमीटर धरा आणि उताराचा हिशेब बाजूला ठेवा. या वळणात बाहेर फेकणारा जोर स्वाराच्या वजनाच्या दीडपटीहून थोडा जास्त भरतो. त्याच्याशी काटकोनात खाली ओढणारं स्वतःचं वजन त्यात मिळवलं की ७० किलोच्या माणसाच्या पायांवर जवळजवळ १३० किलोचा भार येतो. हा सगळा भार एका पोलादी कडेवर तोललेला असतो आणि शरीर व ती कड यांच्यामध्ये असतो तो फक्त बूट.

एवढ्या भाराखाली बूट पाच अंश दबला आणि बोर्डाचा कल ५५ वरून ५० वर आला, तर त्रिज्या ८ मीटरवरून ९ मीटरवर जाते. वळण एक मीटरने पसरतं आणि समोरचा स्लॅलमचा खांब हुकतो. यापेक्षाही गंभीर एक गोष्ट आहे. शरीराचा दाब ज्या रेषेतून कडेपर्यंत येतो, तिच्याशी बोर्डाच्या तळाचा कोन काटकोनाहून मोठा झाला, म्हणजे बोर्ड हवा त्यापेक्षा कमी कलला, की कडेची पकड सुटते आणि ती सरकते. त्यामुळे बुटाची ढिलाई फक्त वळण मोठं करून थांबत नाही. ती कार्व्हिंगच संपवू शकते. कडक बुटाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद इथूनच निघतो आणि तो खरा आहे.

या खेळाची सुरुवात मात्र अगदी मऊ बुटांनी झाली. १९६५ मध्ये मिशिगनमधल्या शर्मन पॉपेन यांनी दोन स्की एकत्र जोडून ‘स्नर्फर’ बनवला. त्यावर नुसतं उभं राहायचं आणि पुढे बांधलेली दोरी हातात धरायची. १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हर्माँटमध्ये बोर्ड बनवायला घेतले. सुरुवातीचे स्वार नमद्याचं अस्तर असलेले साधे हिवाळी बूट घालत. सोरेल नावाचे बूट त्यांच्यात विशेष चालत. घोट्याला आधार असा नव्हताच. १९८० च्या दशकात बूट बोर्डाला जखडणाऱ्या बाइंडिंगला टाचेमागे उभी पाठ आली. तिला हायबॅक म्हणतात. ती आल्यावर टाचेच्या कडेवर कडक बर्फातही विश्वासाने वळता येऊ लागलं. युरोपातल्या आल्प्समध्ये, जिथे स्कीची संस्कृती जुनी होती, तिथल्या स्वारांनी दुसरा रस्ता धरला. गिर्यारोहणाचे आणि स्कीचे प्लॅस्टिकचे बूट बोर्डावर वापरून पाहिले गेले आणि त्यातून हार्ड बूट आणि प्लेट बाइंडिंगची जोडी घडली. १९९८ मध्ये नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंग पहिल्यांदा आलं. तिथे जायंट स्लॅलम जिंकणारे कॅनडाचे रॉस रेबाग्लियाटी आणि फ्रान्सच्या कारीन रुबी, दोघेही या आल्पाइन परंपरेतले.

या दोन परंपरांत पाऊल बोर्डावर कसं बसतं, यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. मऊ बुटाचा बोर्ड कमरेत साधारण २५ सेंटिमीटर रुंद असतो आणि पावलं त्यावर बरीचशी आडवी असतात. पुढची कड चवड्याखाली येते, मागची टाचेखाली. पुढच्या कडेवर कलायचं म्हणजे नडगी पुढे ढकलायची. इथे पोटरीचा भक्कम स्नायू मदतीला असतो आणि बुटाची जीभ नडगीला टेकून उरलेला भार उचलते. मागच्या कडेवर तसं नाही. पावलाचा पुढचा भाग वर खेचणारे नडगीवरचे स्नायू पोटरीच्या मानाने दुबळे असतात. म्हणून तिथे पोटरीने हायबॅकवर रेलावं लागतं आणि बहुतेक काम हायबॅकच करतं. बऱ्याच जणांचा बोर्ड टाचेच्या कडेवर खडखडतो, उड्या मारतो. त्याचं एक मोठं कारण हेच आहे. चवड्याच्या बाजूला घोटा बर्फाचे धक्के पचवतो, टाचेच्या बाजूला तो जवळपास गप्प असतो. हा खडखडाट दिसला की लोक आणखी कडक बूट आणि आणखी कडक हायबॅक घेतात. त्याने बहुधा तो वाढतो. उपाय गुडघे आणि खुबा यांच्या वाकण्यात असतो आणि त्या वाकण्याला जागा देणाऱ्या बुटात.

आल्पाइन बोर्ड कमरेत १८ ते २२ सेंटिमीटरच असतो. तेवढ्या अरुंद फळीवर पाऊल आडवं ठेवलं तर बूट दोन्हीकडे बाहेर लोंबेल आणि पहिल्याच खोल कलात बर्फाला घासून कड उपटून टाकेल. म्हणून पावलं ५० ते ६५ अंशांपर्यंत पुढे वळवलेली असतात. अशा उभ्या पावलांनी बोर्ड कलवायचा म्हणजे घोटा डावी-उजवीकडे झुकवायचा आणि माणसाच्या घोट्याला त्या दिशेने फार थोडी हालचाल दिलेली आहे. जोरही थोडाच. ते काम प्लॅस्टिकच्या कवचावर सोपवावंच लागतं. मऊ बूट घालून ६० अंशांवर उभं राहिलेला स्वार घोटा दुखवून घेतो आणि बोर्ड तरी हवा तसा कलत नाही. उलट हार्ड बूट घालून पावलं आडवी ठेवली, तर चवड्याच्या कडेवर नडगी पुढे जाऊच शकत नाही. म्हणजे आल्पाइन स्वाराला मुख्य गरज आहे ती बाजूच्या आधाराची. पुढे-मागे वाकण्याचा हिशेब निराळा आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

घोटा पुढे वाकणं पूर्ण बंद केलं तर काय होतं, हे कुणीही घरी करून पाहू शकतो. भिंतीला पाठ न टेकवता उभे राहा, नडग्या अगदी उभ्या ठेवा आणि गुडघे वाकवून खाली बसायचा प्रयत्न करा. ढुंगण मागे जातं, तोल टाचांवर येतो आणि आणखी थोडं खाली गेलात तर मागे पडता. नडगी पुढे झुकू दिली की तोच माणूस पावलांच्या बरोबर वर राहून खाली जाऊ शकतो. बोर्डावर हीच गोष्ट ताशी ४० किलोमीटरने घडते. अति कडक बुटातला स्वार खाली जायला निघतो आणि त्याचं वजन मागच्या पायावर सरकतं. बोर्डाचं नाक हलकं होतं, पुढची कड चावत नाही आणि वळणाची सुरुवातच उशिरा होते. त्याला वाटतं, बोर्ड आळशी आहे. बोर्डाचा दोष नसतो. घोटा कोंडलेला असतो.

आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे बारीक दुरुस्ती. शरीराचा कल आणि बोर्डाचा कल यांत वळणभर दोन-चार अंशांची देवाणघेवाण चालू असते. खुब्याने ती करायची तर सगळं धड हलवावं लागतं, गुडघ्याने करायची तर मांडी. घोट्याने ती अगदी थोड्या हालचालीत आणि सर्वांत लवकर होते. बर्फातली छोटी उंचसखल जागाही घोटाच गिळतो. तो बंद झाला की प्रत्येक धक्का गुडघ्यांना आणि पाठीला जातो आणि दुपारपर्यंत मांड्या पेटतात.

स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतातल्या झिनाल या गावात जाक रिलिए आणि पात्रीस फिवा यांनी ‘एक्स्ट्रीम कार्व्हिंग’ नावाची शैली रुजवली. दोन्ही बाजूंच्या वळणांत अख्खं शरीर बर्फाला टेकेपर्यंत झोपवायचं. कड बदलताना पाय जवळ ओढून घ्यायचे आणि लगेच दुसऱ्या बाजूला लांब करायचे. ते हार्ड बूट घालतात, पण त्यांच्या पायांची ही ओढ-ढकल पाहिली की लक्षात येतं: बाजूने भक्कम आणि पुढे-मागे हलता असा बूट नसेल, तर हे जमणं शक्य नाही. पोटाशी आलेले गुडघे आणि कोंडलेला घोटा एकत्र नांदत नाहीत.

जुन्या हार्ड बुटांत हीच मोठी अडचण होती. टाचेमागे एक खटका असे. तो एका कोनावर बसवला की वरचा भाग तिथेच अडकून राही, पुढेही जात नसे आणि मागेही. त्यावर शोधलेला उपाय मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो. कोलोरॅडोच्या बॉम्बर इंडस्ट्रीज या छोट्या कंपनीने त्या खटक्याच्या जागी स्प्रिंगांची एक दांडी दिली. तिचं नाव बूट टेन्शन सिस्टिम. स्वार बीटीएस म्हणतात. नडगी पुढे झुकली की एक स्प्रिंग दबते, मागे रेलली की दुसरी. प्रतिकार सुरुवातीला हलका असतो आणि वाकत जाल तसा वाढत जातो. स्वाराच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग बदलता येते, मागच्या पायाला वेगळी आणि पुढच्या पायाला वेगळी ठेवता येते. बाजूचं प्लॅस्टिक मात्र होतं तसंच भक्कम. पुढच्या काळात अशा स्प्रिंगा वेगवेगळ्या रूपांत आल्पाइन स्वारांच्या बुटांवर सर्रास दिसू लागल्या.

मऊ बुटांची बाजूही आता पूर्वीची राहिलेली नाही. अमेरिकेचे रायन नॅप्टन पावलं दोन्हीकडे बाहेर वळवून, मऊ बुटांत, हात बर्फाला घासत अतिशय खोल वळणं घेतात. जपान आणि कोरियात मऊ बुटांच्या कार्व्हिंगचा मोठा चाहतावर्ग आहे. हे शक्य झालं ते मुख्यतः रुंद बोर्डांमुळे. कमर रुंद केली की आडवं पाऊल बाहेर लोंबत नाही आणि कितीही कलवलं तरी बूट बर्फाला लागत नाही. अशा स्वारांचे बूट मऊ जातीतले, पण त्या जातीत कडक बाजूचे असतात.

आता आरामाकडे वळतो. नियंत्रण हवं तर पाय दुखणारच, असं मानणारे बरेच आहेत. हे मला अजिबात मान्य नाही. पाय दुखण्याचं सर्वांत मोठं कारण कडकपणा नसून मोठा बूट हे असतं. दुकानात बोटांना ऐसपैस जागा मिळाली की बूट आरामशीर वाटतो, म्हणून माणूस एक माप मोठा घेतो. उतारावर टाच आत उचलली जाते. ती धरून ठेवायला तो बकलं किंवा लेस करकचून आवळतो. पावलाच्या वरच्या बाजूने जाणारी रक्तवाहिनी आणि नसा दाबल्या जातात, बोटं बधिर आणि थंड पडतात आणि टाच तरीही हलतच राहते. दांड्यात ढिली बसलेली कुऱ्हाड कितीही धारदार असली तरी घाव वाया जातो, तसं हे आहे. कवच कितीही कडक असो, नडगीची हालचाल आधी आतली पोकळी भरून काढण्यात संपते आणि मग उशिरा बोर्डापर्यंत पोहोचते. नेमक्या मापाचा मध्यम बूट मोठ्या मापाच्या कडक बुटापेक्षा लवकर प्रतिसाद देतो आणि दिवसभर पायात राहतो.

हार्ड बुटाचं माप पाहायची जुनी रीत अजूनही उत्तम आहे. आतलं मऊ अस्तर, म्हणजे लायनर, बाहेर काढायचं. नुसत्या कवचात पाऊल घालून बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा राहते ते पाहायचं. एक ते दोन सेंटिमीटर ठीक, त्याहून जास्त असेल तर बूट मोठा आहे. फोमचे लायनर भट्टीत किंवा गरम हवेने तापवून पायावर बसवता येतात. त्याने घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या खळग्या भरतात आणि टाच धरली जाते. मोजा एकच आणि पातळ. दोन जाड मोजे घातले की गोळे होतात, घाम साठतो आणि पाय उलट जास्त गारठतो. मऊ बुटाचा लायनर काही दिवसांच्या वापराने दबतो आणि बूट आतून थोडा मोठा होतो, म्हणून नवा असताना बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत. गुडघे वाकवल्यावर ती जरा मागे सरकतात.

थंडीचा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. पॉलियुरेथेनचं कवच थंडीत लक्षणीय कडक होतं. दुकानाच्या उबेत सहज वाकणारा बूट उणे पंधरा अंशांत हट्टी होतो. पेबॅक्ससारखं प्लॅस्टिक तापमानाने कमी बदलतं. रात्रभर गाडीत ठेवलेला बूट सकाळी पायात घालणं हे तर स्वतःहून छळ ओढवून घेणं आहे.

दुखापतींबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. घोट्यातल्या टॅलस नावाच्या हाडाच्या बाहेरच्या कोपऱ्याचा तुकडा पडणं ही स्नोबोर्डवाल्यांची खास दुखापत आहे आणि ती साध्या मुरगळण्यासारखी दिसते. नेहमीच्या एक्स-रेमध्ये ती निसटू शकते. कोलोरॅडोच्या डॉक्टरांनी तीन हजारांहून अधिक दुखापती तपासून १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बुटाचा प्रकार आणि पाय-घोट्याच्या एकूण दुखापतींचं प्रमाण यांत ठोस संबंध आढळला नव्हता. तेव्हा ‘कडक बूट घातला म्हणजे घोटा सुरक्षित’ असं कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. पडल्यावर घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या जरा खाली, दुखणं आठवडाभर राहिलं तर डॉक्टरला बोर्डावरून पडल्याचं आवर्जून सांगा.

बुटाच्या खोक्यावर छापलेला आकडाही असाच जपून वाचायचा. मऊ बुटांना एक ते दहा असे फ्लेक्सचे आकडे देतात. ते मोजायचं सर्वमान्य मानक नाही. एका कंपनीचा सात दुसरीच्या पाचइतका असू शकतो. शिवाय तो आकडा पुढे वाकण्याचा आहे की बाजूचा, हे कुणी सांगत नाही. स्वाराचं वजन तर त्यात नसतंच. ५० किलोच्या मुलीला जो बूट लाकडासारखा लागतो, तो ९० किलोच्या माणसाखाली बरोबर वाकतो.

आपल्याकडून गुलमर्गला किंवा औलीला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि अमेरिकेत, युरोपात राहणारी मराठी मंडळीही हिवाळ्यात बोर्ड भाड्याने घेतात. भाड्याचे बूट बहुतेक मऊच असतात आणि शिकण्यासाठी तेच योग्य. मात्र दुकानात घाई करू नका. बूट बांधून दहा मिनिटं उभे राहा. गुडघे पुढे ढकला: नडगी हळूहळू, वाढत्या प्रतिकाराने पुढे गेली पाहिजे आणि टाच तळाला चिकटून राहिली पाहिजे. टाच उचलली गेली तर लेस आवळू नका, अर्धं माप लहान मागा. नडगी हललीच नाही तर मऊ मागा. आणि पुढे हा खेळ धरलात, स्वतःचं सामान घ्यायची वेळ आली, तर पैसे आधी बुटावर खर्च करा. बोर्ड दुसऱ्याचा वापरलेला चालतो.